घटसर्पाचं नाक आणि माझं भाषण

मु. बेलहेटी, ता. चिमूर
गुरुवार, ५ जून

चि. दिव्यानी हिला लटारूमामाचे पोटभर आशीर्वाद.

(मागच्या खेपेस मी 'चि. सौ. कां.' असं लिहिलं, तेव्हा तू फोनवर म्हणालीस की मामा, कांक्षा माझी असते, ती आधी मला विचारत जा. मुद्दा बिनतोड होता. चाळीस वर्षं व्यासपीठावरून बाईमाणसाच्या स्वातंत्र्याविषयी बोलणारा तुझा मामा मायन्यातच सापडला. यावेळी नुसतं चिरंजीव. चिरकाळ जगण्याला तुझी हरकत नसावी.)

तुझी प्रकृती कशी आहे? वेळेवर जेवतेस ना? वसतिगृहाच्या वरणात डाळ किती आणि पाणी किती हे तू एप्रिलमध्ये सांगितलंस, तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. तुझ्या मार्गदर्शक बाईंचा गुडघा आता कसा आहे? आणि तुझे उंदीर कसे आहेत? विशेषतः ते सहा. त्यांची इथे गावात रोज चौकशी होते, ती का होते ते पुढे येईलच. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे नाही, पण पत्राच्या पाचव्या ओळीत वाईट बातमी देणं हे तारेचं काम, आणि तार सरकारने कधीच बंद केली. तेव्हा तूर्तास क्षेम धरून चाल.

फोन का केला नाही असं तू विचारशील. माझा फोन आला की तुझ्या प्रयोगशाळेत नेमकं काहीतरी उकळायला लागतं, हे माझ्या लक्षात आलं आहे. दोष तुझा नाही. वक्त्याला समोर माणूस दिसला नाही की कुठे थांबावं ते त्याला कळत नाही, आणि फोनमध्ये कोणी जांभई दिली तरी दिसत नाही. कागदाचं बरं असतं, तो संपतो. (हा चौथा कागद आहे. पहिले तीन फाडले, कारण त्यांत मी स्वतःची बाजू मांडत होतो.) तुझी आई शनिवारी नागपूरला जाणाऱ्या गाडीत तुझ्यासाठी लोणच्याची बरणी देणार आहे. त्या बरणीबरोबर हे पत्र येईल.

आता मुद्द्यावर येतो. पण मुद्द्याला एक मागचा मुद्दा आहे.

एप्रिलमध्ये तू चार दिवस आली होतीस. अंगणात बाजेवर बसून तू मला तुझं संशोधन सांगितलंस. घटसर्प मला शिकवायची तुला गरज नव्हती. ढोराचा गळा सुजतो, घशातून घर्र घर्र आवाज येतो, सकाळी चरायला गेलेला बैल दिवस मावळायच्या आत आडवा होतो. मी चौदा वर्षांचा असताना एका पावसाळ्यात या गावची सतरा ढोरं गेली. आमचा बैल गेला तेव्हा माझ्या बापाने नांगराचं जू भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि चार दिवस त्याकडे पाहिलं नाही. लोक म्हणाले, माताय कोपली. कोंबडे कापले. कोंबडेही गेले आणि ढोरंही गेली. मी तेव्हा आयुष्यातलं पहिलं भाषण केलं, पाण्याच्या टाकीवर उभं राहून, की हा कोप नाही, जंतू आहे. मला खाली उतरवून चोप देण्यात आला. तिथून माझं सार्वजनिक जीवन सुरू झालं. सांगायचं हे की तू घटसर्पावर काम करतेस असं कळलं तेव्हा मला काय वाटलं असेल ते तुला भाषणाशिवाय समजावं.

तू सांगितलंस ते मी नीट ऐकलं. तू म्हणालीस, मामा, हा जंतू उघडा नसतो. त्याच्या अंगावर बाहेरून एक पातळ पडदा असतो, आणि त्या पडद्यात प्रथिनं रोवलेली असतात, जशी कुंपणात फाटकं. त्या फाटकांतून त्याचं अन्नपाणी आत जातं, म्हणून ती टाकून देणं त्याला परवडत नाही. आजची सरकारी लस म्हणजे अख्खा मारलेला जंतू तेलात घोळून मानेत टोचायचा. ती लस चांगली आहे, तिने ढोरं वाचतात, पण तिचा जोर वर्षभरात ओसरतो, म्हणून दर पावसाळ्याआधी पुन्हा टोचावी लागते. तू शोधते आहेस ते त्या पडद्यातलं नेमकं एक प्रथिन, जे शरीराला एकदा दाखवलं की शरीर पुष्कळ दिवस विसरणार नाही, आणि एटापल्लीकडचा जंतू असो की चिमूरकडचा, दोन्हीकडे ते सारखंच सापडेल. (त्यासाठी तू गडचिरोलीच्या रानातल्या गावांतून मेलेल्या ढोरांचे नमुने स्वतः बसच्या बाकावर मांडीत धरून आणलेस. हे ऐकून तुझ्या आईने तुझे कपडे दोनदा धुतले.)

मी विचारलं, मग टोचलीस का कोणाला? तू म्हणालीस, उंदरांना. आठांना लस देऊन मग रोगाचा जंतू दिला, सहा वाचले. लस न दिलेले आठच्या आठ गेले. यानंतर तू बराच वेळ बोलत होतीस. अजून ससे आहेत, मग वासरं आहेत, मग परवानग्या आहेत, पुष्कळ वर्षं आहेत, आणि बहुतेक प्रथिनं वाटेतच गळतात, असं काहीसं. पण खरं लिहायचं तर 'सहा वाचले' हे ऐकल्यापासून माझ्या कानात टाळ्या वाजायला लागल्या होत्या. टाळ्यांत पुढचं ऐकू येत नाही. ही माझ्या धंद्याची व्याधी आहे.

एक मेला ग्रामसभा होती. मला पाच मिनिटं दिली होती. मी एक तास दहा मिनिटं बोललो. (सरपंच दीड तास म्हणतात. सरपंचांचं घड्याळ आणि माझी सभा यांचं पूर्वीपासून जमत नाही.) भाषण चांगलं झालं, दिव्यानी. हे मी पश्चात्तापाच्या पत्रातही लिहितो, कारण खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, देवीची लस माणसाला गाईने दिली, तिच्या आचळावरच्या फोडातून. माझ्या आजोबांच्या दंडावर त्या लसीचा वण होता. आज सव्वादोनशे वर्षांनी एक मुलगी ते उपकार गाईला परत करते आहे, आणि ती मुलगी कोणाची, तर बेलहेटीची. मी म्हणालो, घटसर्पाचा जंतू म्हणजे चोर आहे. सरकारी लस राखणदाराला चोराचा अख्खा मुडदा दाखवते. राखणदार पागोटं पाहतो, सदरा पाहतो, आणि वर्षभरात सगळं विसरतो. आमच्या पोरीने चोराचं नाक ओळखलं आहे. चोर पागोटं बदलेल, सदरा बदलेल, नाक कुठून बदलेल? इथे बायकांच्या बाजूनेसुद्धा टाळ्या आल्या, ज्या सहसा येत नाहीत.

एवढ्यावर बसलो असतो तर आज हे पत्र दोन ओळींचं झालं असतं. पण भाषणाला शेवट हवा होता. मी मूठ आवळली आणि म्हणालो, किती दिवस परक्याची सुई आपल्या ढोरांच्या मानेत खुपसून घ्यायची? आपल्या लेकीची लस येते आहे. तिची वाट पाहा. उद्या कोणी मोठा माणूस येईल, गोड बोलेल, घाबरवेल, तरी बधू नका. वाट पाहा.

यातलं 'वाट पाहा' हे मी विचार करून बोललो नाही. त्याशिवाय वाक्य पायावर उभं राहत नव्हतं एवढंच. 'सरकारी लस चांगली आहे, तिने ढोरं वाचतात' हे तुझं वाक्य मला आज शब्दशः आठवतं. त्या दिवशी आठवलं नाही.

आता आखराकडे ये. तू नागपुरात राहून विसरली नसशील, पण तुझ्या मार्गदर्शक बाईंनी हे पत्र वाचलं तर त्यांच्यासाठी लिहितो: वेशीबाहेरच्या ज्या मोकळ्या जागेत सकाळी घरोघरची ढोरं गोळा होतात ते आखर, आणि तिथून त्यांना रानात चारायला नेतो तो ढोरकी. आपला ढोरकी लच्छू. दर जूनला आपल्या दवाखान्याच्या डॉक्टर साधनाबाई सकाळी सात वाजता थंड पेटी घेऊन आखरावर येतात, लच्छू ढोरं अडवून धरतो, आणि दोन तासांत एकशे त्रेसष्ट ढोरांच्या माना टोचून होतात. कोणाच्या दारी जावं लागत नाही, कोणाला विचारावं लागत नाही. या गावचं सगळं पशुआरोग्य लच्छूच्या काठीला टांगलेलं आहे.

परवाच्या सोमवारी साधनाबाई बरोबर सातला आल्या. आखरावर ताजं शेण होतं आणि एक लंगडी बकरी होती. लच्छू साडेपाचलाच ढोरं घेऊन रानात गेला होता.

साधनाबाई वाचनालयात आल्या. मी वर्तमानपत्र वाचत होतो. त्या म्हणाल्या, "लटारूभाऊ, एक मेला तुम्ही नेमकं काय बोललात?" मी म्हणालो, विज्ञानाविषयी बोललो. त्यांनी मोबाइल काढला. कोणीतरी माझं भाषण भरून घेऊन त्यांना पाठवलं होतं. भर सकाळी मला माझंच भाषण पूर्ण ऐकावं लागलं, कारण बाईंनी बंद करू दिलं नाही. (आवाज चांगला आला आहे. हे मी त्याही परिस्थितीत नोंदवून ठेवलं.) संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आता चला."

मी थंड पेटी उचलली. प्रायश्चित्त म्हणून उचलली, पण पेटीत बर्फ असतो आणि बर्फाला वजन असतं हे मला नाल्यापाशी कळलं. तुझा मामा चौसष्ट वर्षांचा आहे. जूनचं ऊन, मोहाच्या झाडाखालीसुद्धा सावली तापलेली, आणि पुढे साधनाबाई शेणाचा माग काढत अशा चालल्या होत्या जशी एखादी सासू उशिरा येणाऱ्या सुनेच्या शोधात निघावी. नाल्याच्या पलीकडे ढोरं सापडली. लच्छू पळसाखाली काठीवर हनुवटी टेकवून बसला होता. गेली चाळीस वर्षं माझ्या प्रत्येक सभेत तो पहिल्या रांगेत असाच बसतो. या गावात माझं बोलणं एकही शब्द न गाळता ऐकणारा तो एकटा माणूस आहे. आजवर मी याला माझं भाग्य समजत होतो.

मी त्याला सांगितलं, लच्छू, ढोरं एका जागी कर, टोचायची आहेत. तो उठला नाही. म्हणाला, "भाऊ, तुमीच त सांगतलं ना, वाट पाहा. मी पाहून राह्यलो."

मी म्हणालो, अरे, ती लस यायला अजून वर्षं आहेत. तो म्हणाला, "मंग पाहू वर्सं. मले कोठी जाचं हाये?" मी म्हणालो, मी चुकलो होतो. त्यावर तो हसला. त्या हसण्यात दया होती. "भाऊ, तुमी म्हनलं होतं का उद्या कोनी मोठा मानूस येईन, गोड बोलीन, घाबरवीन, तरी बधू नका. आता तुमीच आले. गोड बी बोलून राह्यले. मी नाई बधत."

मग मी जे करतो ते केलं. उंच जागा शोधली. जवळ एक वारूळ होतं, त्यावर उभा राहिलो आणि बोलायला लागलो. एकशे त्रेसष्ट ढोरं, लच्छू, साधनाबाई आणि मी. मला आठवतं ते एवढंच की सुरुवात चांगली झाली होती. 'बंधूंनो' म्हणायच्या जागी मी अडखळलो, कारण समोर बहुतेक गाई होत्या. तेवढ्यात वाघ पाहायला आलेल्या पाहुण्यांची एक जिप्सी मागच्या वाटेवर येऊन थांबली. सकाळपासून त्यांना वाघ दिसला नव्हता. त्यांनी माझे फोटो काढले. एक लहान मुलगी म्हणाली, "ये अंकल गाय को डाँट क्यों रहे हैं?" तिच्या बापाने तिला गप्प केलं, बहुधा मी धार्मिक असेन असं वाटून. एवढ्यात वारूळ खचलं आणि मी गुडघ्यापर्यंत आत गेलो. साधनाबाई आणि लच्छू यांनी दोन्हीकडून धरून मला उपसून काढलं, आणि त्या दिवसात दोघांनी एकमताने केलेलं ते एकमेव काम होतं. तोवर ढोरं नाल्यापलीकडे पांगली.

परत येताना साधनाबाईंनी थंड पेटी माझ्याकडून काढून स्वतःच्या खांद्याला अडकवली. मग म्हणाल्या, "भाऊ, लस म्हणतात ती हीच. एक मात्रा दिली, आता तुमच्याच भाषणाचा यांच्यावर काही परिणाम होत नाही." मी त्यांना दाद दिली. उपमा माझी असती तर मला अधिक आवडली असती.

बुधवारी मी वाचनालयात सभा बोलावली आणि सरळ कबुली दिली. म्हणालो, मुलगी पाहायला पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलगी पसंत पडली, म्हणून कोणी मांडव घालत नाही. दिव्यानीचं प्रथिन अजून पोह्यांपर्यंत आलं आहे. बोलणी व्हायची आहेत, त्यात स्थळ मोडूही शकतं. तोवर घरात जी लस आहे ती टोचून घ्या, ती चांगली आहे. मी साफ चुकलो, क्षमा करा. मग पत्रू उठले (हे आपले माजी सरपंच, कोणताही विषय ठरावाने संपवणारे) आणि म्हणाले की भाऊ असं का बोलून राहिले हे आपण समजून घेतलं पाहिजे. एवढी मोठी लस. बाहेर बोभाटा झाला तर दुसऱ्या गावचे लोक आधी घेऊन जातील. तेव्हा ठराव असा की दिव्यानीची लस येईपर्यंत तिचं नाव गावाबाहेर काढायचं नाही. एकमताने मंजूर. मला माझ्या दूरदृष्टीबद्दल टाळ्या मिळाल्या.

दिव्यानी, इतका वेळ हसवत आणलं, आता तुला खरं सांगतो. पाऊस दाराशी आहे. लस टोचल्यावर ढोराच्या अंगात जोर यायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि घटसर्प धानाच्या बांध्यांत पाणी साचलं की येतो. साधनाबाईंनी येत्या सोमवारची शेवटची तारीख दिली आहे. त्यानंतर पेटीतली लस पुढच्या गावांना जाईल. आणि उद्या यातलं एक जरी ढोर पडलं तर लोक माझं नाव घेणार नाहीत. ते म्हणतील, मनकर्णाच्या पोरीच्या लसीपायी गेलं. भाषण माझं होतं, नाव तुझं आहे. मला शिव्यांची सवय आहे, एका निवडणुकीत मला पाच पक्षांनी मिळून शिव्या दिल्या होत्या आणि मी त्या रात्री शांत झोपलो. पण तुझं नाव या गावाच्या तोंडात वाईट व्हायला मी कारण झालो तर मी पुन्हा कधी उभा राहून बोलू शकणार नाही. तुला वाटेल, त्यात गावाचं भलंच आहे. थट्टा कर, पण मला त्याची भीती वाटते.

शुक्रवार, संध्याकाळ

काल कागद संपला म्हणून थांबलो. आज पहाटेच्या एस.टी.ने चिमूरला गेलो होतो. वाटलं, तालुक्याच्या मोठ्या साहेबांना भेटून आखरावर कडक हुकूम आणावा. आयुष्यभर हुकमांविरुद्ध बोलणारा माणूस हुकूम मागायला गेला, यावरून माझी अवस्था ओळख. साहेब बैठकीला चंद्रपूरला गेले होते. मी हुतात्मा स्मारकापाशी बराच वेळ बसलो. माझे आजोबा बेचाळीसच्या ऑगस्टात याच रस्त्यावर होते. त्यांच्यासमोर बंदुका होत्या, माझ्यासमोर लच्छू आहे. आणि खरं सांगतो, बंदुकांना निदान माझी वाक्यं पाठ नसती. अडीचच्या गाडीने परत आलो.

गावात काहीतरी बिनसलं आहे. कोणी माझ्या नजरेला नजर देत नाही, आणि दिली तर हसतात. पत्रूंनी आज एकही ठराव मांडला नाही. लच्छू चक्क आखरावर भेटला, ढोरं आज उशिरा सोडली म्हणाला, आणि मला विडी देऊ लागला, मी विडी ओढत नाही हे त्याला माझ्या तेवीस व्यसनमुक्ती भाषणांतून माहीत असताना. चहाला तीन घरी गेलो. तिन्ही घरी काळा चहा. दूध नाही म्हणाले. तीन घरी म्हशी आणि तिन्ही घरी दूध नाही. मी समजायचं ते समजलो. हा बहिष्कार आहे. सभ्य आहे, पण बहिष्कारच. तुझ्या आईकडे हे मन मोकळं केलं तर ती म्हणाली, "पत्र झालं का लिहून?" हे तिने दुपारपासून तिसऱ्यांदा विचारलं. (एक मेच्या भाषणाबद्दलही मी तिला विचारलं होतं. 'लांब होतं' म्हणाली. चार दिवसांनी विचारलं, तर 'हो, लांबच होतं'. माझी बहीण मितभाषी आहे. घरातला बोलण्याचा सगळा वाटा मी उचलल्यामुळे तसं झालं असावं.)

असो. तुला हे सगळं लिहिलं ते मन हलकं करण्यासाठी. तुझ्याकडून मला काहीही नको. तू तुझं काम कर, तुझ्या प्रथिनाला माझा नमस्कार सांग, आणि वरणात वरून तूप घालत जा. मार्गदर्शक बाईंच्या गुडघ्याला तिळाचं तेल सांगून पाहा, अर्थात पुरावा असेल तरच.

तुझा,
लटारूमामा

ता. क. : तुझ्याकडून काहीही नको असं वर लिहिलं आहे ते तत्त्वतः खरं आहे. व्यवहारात, तू रविवारी संध्याकाळपर्यंत येऊ शकशील का? सोमवारी सकाळी आखरावर उभी राहा आणि तुझ्या आईची म्हैस स्वतःच्या हाताने धरून तिला सरकारी लस टोचून घे. बोलू नकोस. बोललीस तर माझी भाची म्हणून ते तुझ्याही बोलण्याला बधणार नाहीत. नुसती म्हैस धर.

ता. क. २ : तू येणार आहेस असं मी बुधवारीच सांगून ठेवलं आहे. तुला न विचारता सांगितलं. मायन्याच्या वेळचा धडा मी शिकलो नाही हे उघड आहे, ते तू लिहायची गरज नाही.

ता. क. ३ : तू येताना त्या सहांपैकी दोन उंदीर आणशील असंही माझ्या तोंडून गेलं. लोकांना पाहायचे आहेत. ते सहा आता हयात नसतील तर कोणतेही दोन चालतील. नाही, हे लिहायला नको होतं, ही विज्ञानाशी गद्दारी आहे. पण खाडाखोड केलेलं पत्र बरं दिसत नाही, म्हणून राहू देतो.

(पाठीमागे, पेन्सिलीने)

दिवू, मी आई. भाऊनं पत्र बरनीसंगं बांधाले देलं, मी वाचलं. तू येऊ नको. तुहं काम सोडू नको.

ढोरं झाली टोचून. शुक्रवारी भाऊ चिमूरले गेले तवाच मी साधनाबाईले फोन लावला. म्हनलं, आखर राहू द्या, घरोघरी या. ढोरं आखरावर लच्छूची असतात, पन खुट्याले आमचीच असतात ना. पयले मी आपली म्हैस धरली. ते पाहून शेजारच्या रुखमानं तिच्या दोनी धरल्या. मंग साऱ्या बायाइनं आपापली धरली. लच्छूच्या बायकोनं त्याले म्हनलं, तुमी वाट पाहा, मी दोर धरतो. मंग त्यानं बी धरला. भाऊची गाडी यायच्या आधी एकशे त्रेसष्ट झाली, एक बी राह्यली नाई. दूध दोन दिवस कमी येईन म्हने साधनाबाई, मंग येते बरोबर.

एप्रिलात तू बाजेवर भाऊले सांगत होती तवा मी बाजूलेच भाजी निवडत होती. सरकारी लस चांगली हाये म्हनलं होतं तू. मी आयकलं होतं. भाऊले तवाच सांगनार होती, पन त्याइच्या बोलन्यात मधात घुसाले जागा भेटत नाई, तुले त मालूम हाये.

त्याइले अजून सांगतलं नाई कोनीच. साऱ्या गावाले मीच नाई म्हनलं. लय खचले होते बिचारे, पत्र लिवाले बसले तवापासून बरे हायेत, दोन टाइम जेवून राह्यले. पत्र जाऊ दे, मंग सांगीन. तू उत्तर लिवजो त्याइले, फोन नको करू, लांब लिवजो.

आनि एक विचाराचं होतं. तुही लस खरंच कवा येईन? मी कोनाले सांगत नाई.